उमेदवाराची कामगारांविषयीची भूमिका नेमकी कशावरून ताडायची?

चाकणचा_फिटर यांचा प्रश्न:

चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी फिटर आहे. काम कारखान्याचे, यंत्रे कारखान्याची, सुपरवायझरही कारखान्याचाच. पगाराची पावती मात्र ठेकेदाराच्या नावाने निघते. ठेकेदार बदलला की गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बदलते आणि भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते नव्याला जोडण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. लाइन मात्र तीच राहते आणि त्या लाइनवरचा माणूसही तोच राहतो.

निवडणूक लोकसभेची असो, विधानसभेची असो वा नगर परिषदेची, आमच्या खोल्यांच्या रांगांत पत्रके येऊन पडतात. 'कामगारांना न्याय', 'भूमिपुत्रांना रोजगार' आणि 'कंत्राटी पद्धत हद्दपार' हे शब्द सगळ्याच पक्षांच्या पत्रकांत इतके सारखे असतात की नावे झाकून ती वाचली तर कोणते पत्रक कोणाचे हे ओळखता येणार नाही. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. एका बाजूचे वक्ते म्हणतात की कामगारांचे सोन्याचे दिवस आले, दुसऱ्या बाजूचे म्हणतात की कामगार देशोधडीला लागला. पण या दोहोंपैकी कोणीही कोपरा सभेत संहितेतले एखादे कलम समजावून सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

कोणाला मत द्यावे हे कृपया सांगू नये. ते माझे मी ठरवीन. समोरचा उमेदवार कंत्राटी काम, किमान वेतन, निवृत्तिवेतन आणि संघटना करण्याचा हक्क या बाबतींत खरोखर कुठे उभा आहे, हे तपासण्याची काही पद्धत जाणकारांकडे असल्यास ती हवी आहे.

सेवानिवृत्त_संघटक यांचे उत्तर:

उमेदवाराकडे जाण्यापूर्वी आपण कोणत्या निवडणुकीत उभे आहोत हे पाहावे लागते. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे केंद्र आणि राज्य या दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेऊन मुंबईतला माणूस दिल्लीकडे व दिल्लीतला माणूस मुंबईकडे बोट दाखवत राहतो. त्यामुळे ज्याच्या हातात जे आहे तेच त्याला विचारावे, म्हणजे पळवाट राहत नाही.

लोकसभेच्या उमेदवाराला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. भविष्य निर्वाह निधीची वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी १५,००० रुपये करण्यात आली आणि पुढे दशकभर ती तिथेच राहिली. ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले तेही त्याच वर्षी. या प्रश्नावर बुलढाण्यातील निवृत्त कामगारांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण केले आणि ७,५०० रुपये अधिक महागाई भत्ता ही मागणी देशभर नेली. याचा इतिहास बोलका आहे. २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती, तेव्हा त्यांचा पक्ष विरोधात होता. हजार रुपयांचा निर्णय काँग्रेस आघाडीच्या मंत्रिमंडळाने २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर घेतला. अंमलबजावणी सत्ता बदलल्यावर भाजप आघाडीच्या काळात झाली. आणि कोश्यारी पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल होऊन गेले तरी ती शिफारस कागदावरच राहिली होती. तेव्हा निवृत्तिवेतनासाठी कोणीही गळा काढू लागला की त्याचा पक्ष सत्तेत असताना त्याने याविषयी किती प्रश्न विचारले एवढेच विचारावे. आणखी एक प्रश्न खासदारकीच्या उमेदवाराला अडचणीत टाकतो. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांना एकत्र बसवणारी भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये भरली, ती ४६ वी. त्यानंतरची दहा वर्षे ती भरलीच नाही. एवढ्या महत्त्वाच्या संहिता त्या परिषदेपुढे न येताच झाल्या, याविषयी उमेदवाराचे मत काय?

विधानसभेच्या उमेदवाराच्या हातातही थोडे नसते. वेगवेगळ्या उद्योगांतील किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवते. जानेवारी आणि जुलैमध्ये विशेष भत्ता बदलतो, पण मूळ दरांची फेरआखणी वर्षानुवर्षे रेंगाळते. १९४८ च्या कायद्यात ती जास्तीत जास्त पाच वर्षांत करण्याची तरतूद असूनही हे चालत आले. कारखान्यांत रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत वाढवली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, हे सत्ताधारी सांगतात आणि ते खरे आहे. बारा तासांच्या पाळीनंतर खोलीवर पोहोचून सकाळी पुन्हा गेटवर उभे राहायचे म्हणजे काय, हे विरोधक सांगतात आणि तेही खरे आहे. तुमच्या आमदाराने यावर सभागृहात काय म्हटले, की काहीच म्हटले नाही, हे मात्र त्याच्या पत्रकात सापडणार नाही.

संहितांबद्दल बोलायचे तर औद्योगिक संबंध संहितेत कामगार कपात, ले-ऑफ (कामगारांना तात्पुरते कामाविना ठेवणे) किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांपासून होती, ती आता ३०० पासून आहे. हा ३०० चा आकडा आणखी वाढवण्याचा अधिकार त्याच कलमाने सरकारला दिला आहे. खासगी कारखान्यांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे ते सरकार म्हणजे राज्य सरकार. म्हणून "संहिता केंद्राची आहे, आम्ही काय करणार" असे विधानसभेचा उमेदवार म्हणाला तर त्याला सरळ विचारावे की हा आकडा ३०० च्या वर नेण्यास तुमचा पाठिंबा असेल की विरोध. याचे उत्तर हो किंवा नाही असेच असू शकते. त्याच संहितेप्रमाणे संपाची नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते, आणि निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तोही संप मानला जातो. दुसऱ्या बाजूला नियुक्तिपत्र सक्तीचे झाले आहे, भत्ते निम्म्याहून जास्त दाखवून मूळ वेतन कमी ठेवण्याची युक्ती अवघड झाली आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. जो वक्ता यांपैकी एकच बाजू सांगतो त्याने संहिता वाचलेली नाही, किंवा वाचून ती दडवली आहे.

महापालिका आणि नगर परिषदांच्या निवडणुकीत वेगळाच पेच असतो, कारण तिथे ज्याला आपण निवडून देतो तो स्वतःच मालकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम केला. तिथपर्यंत पोहोचायला त्यांच्या संघटनेला वर्षानुवर्षे न्यायालयांत लढावे लागले, आणि समोरचा पक्षकार होता तो लोकांनीच निवडून दिलेल्या महापालिकेचा कारभार.

आता मूळ अडचणीकडे येतो. आपल्या प्रतिनिधीने कामगारविषयक विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिले हे बहुतेक वेळा कळतच नाही. सभागृहात आवाजी मतदान होते, नावानिशी मतविभागणी क्वचितच मागितली जाते, आणि ती मागितली तरी पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, धोक्यात येते. चारपैकी तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये २२ तारखेला लोकसभेत आणि २३ तारखेला राज्यसभेत मंजूर झाल्या, तेव्हा शेती विधेयकांवरील गोंधळ आणि खासदारांचे निलंबन यांवरून विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकलेला होता. परिणामी आज या संहितांविरुद्ध सभा गाजवणाऱ्या अनेक पक्षांचे विरोधी मत त्या दिवशीच्या कामकाजात नोंदलेलेच नाही.

म्हणून मी मतदानापेक्षा प्रश्न पाहतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि अर्थसंकल्पावरील कपात सूचना या ठिकाणी पक्षादेश आड येत नाही. तिथे सदस्य आपल्या मनाने, किंवा मतदारसंघाच्या दडपणाने, बोलतो. संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर हे कामकाज वाचता येते. किमान वेतनाची फेरआखणी, कामगार आयुक्तालयातील रिक्त पदे, कारखान्यातील अपघात यांवर पाच वर्षांत एकही प्रश्न न विचारलेला माणूस पत्रकावर कामगारांचा कैवारी म्हणवून घेत असेल, तर ते शब्द त्याच्या प्रचार करणाऱ्यांनी लिहिलेले आहेत असे समजावे.

पक्षाच्या रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. तमिळनाडूत द्रमुक सरकारने एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांच्या कामाची मुभा देणारे विधेयक मंजूर केले आणि मित्रपक्ष व कामगार संघटना खवळल्यावर १ मे रोजी ते मागे घेत असल्याचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांना जाहीर करावे लागले. भारतीय मजदूर संघ हा संघपरिवारातला, पण वेतन व सामाजिक सुरक्षा या संहितांचे स्वागत करतानाच औद्योगिक संबंध संहितेतील काही तरतुदींवर त्याने उघड आक्षेप घेतले. उमेदवाराच्या पक्षाशी जोडलेली कामगार संघटना काय म्हणते आणि उमेदवार काय म्हणतो, यांत अंतर दिसले की खरा प्रश्न तिथेच विचारायचा असतो.

भोसरीतला_लघुउद्योजक यांचे उत्तर:

संघटक साहेबांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे; पण इथे लिहिणारे सगळे कामगारांच्या बाजूचे असतील तर चित्र अर्धे राहील, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. माझे छोटे वर्कशॉप आहे आणि मोठ्या कंपन्यांना आम्ही सुटे भाग पुरवतो. कामगारांचा पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा हे मला मान्य आहे आणि मी तो करतोही. मात्र ज्यांना माल देतो ते पैसे देताना कॅलेंडर पाहत नाहीत. सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो. एका मोठ्या ग्राहकाकडे माझी बिले त्याच्या कितीतरी पुढे अडकली, तेव्हा पगारासाठी मला बँकेतून ओव्हरड्राफ्ट घ्यावा लागला. ज्या उमेदवाराला कामगारांच्या पगाराची खरी काळजी आहे त्याने ही साखळी वरच्या टोकापासून धरावी, असे मला वाटते. आमच्यासारख्यांच्या दारात निरीक्षक पाठवणे सोपे असते.

३०० च्या मर्यादेविषयीही मोकळेपणाने सांगतो. शंभराच्या मर्यादेमुळे कारखाने ९५-९८ माणसांवर थांबत आणि उरलेली माणसे ठेकेदाराच्या नावावर घेत, ही वस्तुस्थिती आहे. मर्यादा वाढल्याने निदान कंपनीच्या नावावर माणसे घेण्याची भीती कमी होईल, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे जो उमेदवार या तरतुदीच्या बाजूने बोलतो तो आपोआप कामगारविरोधी ठरतो, असे कृपया समजू नये.

सेवानिवृत्त_संघटक:

उद्योजक महाशय, देणी थकण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे आणि तो उमेदवारांच्या तोंडी कधीच येत नाही हेही खरे आहे. तीनशेविषयी मात्र माझा अनुभव वेगळा आहे. कंपनीच्या नावावर माणसे न घेण्याचे कारण केवळ परवानगीची अट हे नसते. कायम कामगार संघटना करतो, करार मागतो आणि त्याचे वेतन कंत्राटी कामगाराच्या कितीतरी पुढे जाते, हे त्याहून मोठे कारण असते. मोठ्या कारखान्यांना परवानगीची अट आधीपासून लागू होतीच, तरी तिथेही ठेक्यावरची माणसे वाढत गेली. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा मुळात २० कामगारांपासून लागू होता, महाराष्ट्राने ती संख्या ५० केली, आणि आता केंद्राच्या संहितेतही ५० च आहे. म्हणजे छोट्या ठेकेदाराकडील माणूस या संरक्षणातून आधीच बाहेर पडला होता. सूट आधी मिळाली, कायम नोकऱ्या नंतर येतील असे सांगितले गेले. उमेदवार तुमचे मत मांडत असेल तर त्याला तो अधिकार आहे. फक्त त्याने ते कारखानदारांच्या बैठकीत आणि आमच्या गेटवर एकाच शब्दांत मांडावे.

बसस्थानक_लातूर यांचे उत्तर:

माझा वर्तमानपत्रांचा स्टॉल बसस्थानकाच्या आवारात आहे, त्यामुळे एसटीचा २०२१-२२ चा संप मी रोज पाहिला. स्थानकात गाडी नाही, फलाटावर कुत्री झोपलेली आणि फाटकाबाहेर वडाप जीपवाले ओरडून माणसे भरत आहेत, असे ते महिने होते. विलीनीकरण, म्हणजे महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा, ही मागणी होती. त्या वेळी विरोधात असलेल्या भाजपच्या नेत्यांनी संपाला बळ दिले. भाजपचे गोपीचंद पडळकर आणि मित्रपक्षाचे सदाभाऊ खोत आझाद मैदानात मुक्कामाला राहिले. नोव्हेंबरच्या अखेरीस तत्कालीन परिवहन मंत्र्यांनी सेवेच्या वर्षांप्रमाणे २,५०० ते ५,००० रुपयांपर्यंत मूळ वेतनवाढ जाहीर केली, तेव्हा या दोघांनी आंदोलनातून माघार घेतली, पण कर्मचारी मागे हटले नाहीत. पुढे समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला, उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले आणि संप संपला. त्यानंतर दोनच महिन्यांत सरकार बदलले. जे विरोधात असताना विलीनीकरण मागत होते त्यांच्या हाती सत्ता आली, आणि विलीनीकरणाचा शब्द त्यांच्या भाषणांतून नाहीसा झाला. महाविकास आघाडीचे जे लोक तोपर्यंत विलीनीकरण अशक्य आहे असे सांगत होते, ते विरोधात गेल्यावर कर्मचाऱ्यांच्या दुःखाने व्याकूळ झाले.

शासकीय कंत्राटी भरतीचेही हेच. खासगी संस्थांमार्फत पदे भरण्याचा शासन निर्णय ६ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला, राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द केल्याचे जाहीर केले. रद्द करताना त्यांनी या पद्धतीची सुरुवात आधीच्या सरकारांनी केल्याची कागदपत्रे दाखवली. विरोधकांनी निर्णय तुमच्या काळात निघाला असे उलट सुनावले. मला विचाराल तर दोन्ही बाजू एकमेकांविषयी खरेच बोलत होत्या.

यावरून मी एक ढोबळ कसोटी ठेवली आहे. विरोधात असताना केलेली मागणी मोजायची नाही. सत्तेत असताना स्वतःच्याच सरकारला अडचणीत आणणारे काही बोलला असेल तर तेवढेच मोजायचे. असे बोलणारे फार थोडे निघतात, पण निघतात.

नाक्यावरचा_मिस्त्री यांचे उत्तर:

बांधकाम कामगारांचे कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. इमारतीच्या बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो आणि तो पैसा बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघाती मृत्यूनंतरचे साहाय्य, सुरक्षा संच आणि भांड्यांचा संच हे सगळे त्यातून मिळते. हा पैसा कोणाच्या खिशातला नाही आणि कोणाची मेहेरबानीही नाही. तरीही निवडणूक जवळ आली की भांड्यांच्या वाटपासाठी मंगल कार्यालय घेतले जाते, व्यासपीठामागे इच्छुक उमेदवाराचा पुरुषभर उंचीचा फोटो लागतो, आणि बायका सकाळपासून रांगेत बसतात. हातात कुकर आणि पातेल्यांची पेटी पडते तेव्हा त्या फोटोकडे पाहून हात जोडतात.

या मंडळात नोंदणी आणि नूतनीकरणासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. रोज नाक्यावर उभा राहणारा माणूस आठवड्यात तीन मालकांकडे काम करतो. त्याला हे प्रमाणपत्र कोण देणार? खरा कामगार इथेच गळतो आणि ज्याने आयुष्यात थापी धरली नाही तो एजंटाला पैसे देऊन आत शिरतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी हाच प्रश्न विचारतो. पेटी वाटणाऱ्यांपैकी एकालाही प्रमाणपत्राची अडचण माहीत नव्हती. एका जुन्या नगरसेविकेने मात्र कोणत्या कार्यालयात कोणत्या वारी शिक्का मिळतो तेही सांगितले. माझ्या लेखी भूमिका म्हणजे हीच.

सेवानिवृत्त_संघटक:

मिस्त्रींनी मोलाचे सांगितले. त्याला जोडून एक गोष्ट लिहायची राहिली होती. आपल्याकडचे बरेच उमेदवार स्वतःच मालक असतात. कोणाचा साखर कारखाना, कोणाची शिक्षण संस्था, कोणाची सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी, आणि औद्योगिक पट्ट्यात तर कामगार पुरवण्याचे, बसगाड्यांचे आणि भंगाराचे ठेके. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ मधील शपथपत्रात उत्पन्नाची साधने, शासनाशी असलेली कंत्राटे आणि शासकीय देणी लिहावी लागतात. ते शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात एखाद्या मनुष्यबळ संस्थेतील भागीदारी दिसली, तर कंत्राटी पद्धतीविषयी त्या उमेदवाराचे भाषण ऐकण्याची गरजच उरत नाही. त्याच्या संस्थेत काम करणाऱ्यांना जाऊन विचारावे: पगार कोणत्या तारखेला होतो, भविष्य निर्वाह निधीचा भरणा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो का, गळीत हंगाम संपल्यावर थकलेले वेतन मिळाले का. साखर कारखान्याच्या कामगाराला आपल्या चेअरमनची कामगारविषयक भूमिका कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा अधिक पाठ असते.

चाकणचा_फिटर:

सर्वांचे आभार. शपथपत्राची गोष्ट मला माहीत नव्हती. कालच एक उघडून पाहिले आणि कंत्राटांचा रकाना वाचला. त्याविषयी नावानिशी इथे लिहीत नाही.

पण उत्तरे वाचताना एक अडचण लक्षात आली. माझे नाव लातूर जिल्ह्यातील गावाच्या मतदार यादीत आहे. आमच्या लाइनवर यवतमाळ, नांदेड, बीड, शिवाय बिहार आणि उत्तर प्रदेश इथली मुले आहेत, आणि त्यांतील जवळजवळ सर्वांची नावे आपापल्या गावी आहेत. ज्या मतदारसंघात आमचा घाम गळतो तिथे आम्ही मतदार नाही, आणि जिथे मतदार आहोत तिथला उमेदवार पीकविमा, पाणी आणि रस्ते यांवर बोलतो. त्याला चाकणच्या ठेकेदाराशी काय कर्तव्य? नाव इकडे हलवावे का? आणि गावाकडे मतदानाला जायचे तर सुट्टीचा पगार कापला जातो, त्याचे काय?

बसस्थानक_लातूर:

पगाराचे सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मतदार असलेल्या कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते आणि त्यात रोजंदारीवरचा माणूसही येतो. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामापुरता अपवाद आहे. कायदा मोडणाऱ्या मालकाला दंड आहे तो जास्तीत जास्त ५०० रुपये, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. तरीही मतदानापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचे आणि उद्योग विभागाचे परिपत्रक निघते, त्याची प्रत मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या आणि ठेकेदाराच्या हातात आठ दिवस आधी द्यावी. एकट्याने न देता दहा-पंधरा जणांनी सह्या करून द्यावी.

सेवानिवृत्त_संघटक:

नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो आणि सध्याच्या निवासाचा पुरावा द्यावा लागतो. खोलीमालक भाडेकरार करून देत नाहीत ही तुमच्याकडची नेहमीची रड आहे. गॅसचे पुस्तक, बँकेचे पासबुक किंवा आधारवरील बदललेला पत्ता यांपैकी काही असेल तर काम होते. नाव दोन्ही ठिकाणी ठेवू नये, तो गुन्हा आहे.

हलवावे की नाही याचे माझे उत्तर असे की गावी जमीन, रेशन आणि म्हातारे आई-वडील असतील तर गावचे मत सोडणे सोपे नाही, आणि तसे कोणी सोडत नाही म्हणूनच औद्योगिक पट्ट्यातील उमेदवाराला कंत्राटी कामगार दिसत नाही. तुमच्या खोल्यांच्या रांगांतून काही शे नावे जरी इकडच्या यादीत आली, तरी नगर परिषदेच्या एखाद्या प्रभागाचा निकाल फिरू शकतो, आणि प्रभागातल्या उमेदवाराचा वरच्या उमेदवाराशी रोजचा संबंध असतो. ज्यांची कुटुंबे इकडे आली आहेत, मुले इकडच्या शाळेत आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. यादीच्या पुनरीक्षणाचा कार्यक्रम जाहीर झाला की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला दुसऱ्या पाळीचे लोक खोलीवर असतात त्या वेळी, म्हणजे सकाळी, बोलावून घ्या. संध्याकाळी तो येतो तेव्हा खोल्यांना कुलपे असतात आणि 'स्थलांतरित' असा शेरा पडतो.